व्हेलच्या रिसर्चला पैसे द्यायचेत, सांगलीत बसून कुणाला आणि कसे द्यायचे?

हळदीचा_रंग (सांगली):
नमस्कार मंडळी, आधीच सांगतो हसू नका. आमची बारा जणांची भिशी आहे, सगळे विश्रामबागचे शाळूसोबती, आणि जे काय दंडाचे-व्याजाचे शिल्लक राहतात त्यात दर दोन वर्षांनी गोवा नाहीतर कोकण करतो. २०२३ च्या दिवाळीत सहकुटुंब गणपतीपुळ्याला होतो आणि नेमकं तेव्हाच ते व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं, पेपरात वाचलं असेल. मी स्वतः बादल्या वाहिल्यात राव. अंगावर ओली कापडं टाकलेली, आणि मधूनच डोक्यावरच्या भोकातून फस्स करून श्वास सोडायचं, कुकरचं झाकण उघडायच्या आधी वाफ काढतो ना तसा आवाज, आणि दरवेळी आमचं पोरगं ओरडायचं "पप्पा जिवंत आहे". शेवटी ओढून खोल पाण्यात नेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्ही खुशीत आंबा घाट चढून घरी. दोन दिवसांत बातमी आली, परत किनाऱ्याला लागलं आणि मेलं. पोराला अजून सांगितलेलं नाही.
तर यंदा शिल्लक ६० हजार आहे आणि ते व्हेलवर काम करणाऱ्या कुणाला तरी द्यावेत असं मला वाटतं. निम्मा ग्रुप म्हणतो येडा झालास, उरलेले म्हणतात देतोयस तर बदल्यात थोडी व्हेलची उलटी (अंबरग्रीस) मिळते का बघ, कोटीत जाते. ६० हजारात खरंच काही होतं का? द्यायचे कुणाला?

कृष्णाकाठचा_गडी:
भावा तुझ्या भावना समजल्या पण २०१९ ला आमच्या गल्लीत होडी फिरत होती तेव्हा कुठला व्हेल आला नाही वाचवायला. पूरग्रस्तांना दे, नाहीतर झेडपीच्या शाळेला पत्रे घालून दे. समुद्र इथून दीडशे किलोमीटर लांब आहे.

हळदीचा_रंग (सांगली):
गडी, २०१९ ला आमच्या दुकानात पण गळ्याएवढं पाणी होतं, तेव्हा जमेल तेवढं केलंय. हे वेगळं आहे.

खारा_वारा:
मूळचा वाईचा, दोन सीझन सिंधुदुर्गात फील्ड असिस्टंट होतो म्हणून जरा लांबलचक लिहितो, सांभाळून घ्या.
आधी गडीसाहेबांना. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे हे तुम्ही पावसाळ्यात दर तासाला बघता की नाही? ४० फूट इशारा, ४५ धोका, हे सांगलीत शेंबड्या पोराला माहीत असतं. ते कळतं कारण कुणीतरी वर्षानुवर्षं तिथं मोजमाप घेतलंय. व्हेलच्या बाबतीत आपल्या किनाऱ्यावर ती पट्टीच नीट रंगवलेली नाही. मेलेला जनावर किनाऱ्याला लागला की फोटो, बातमी, गर्दी, पण जिवंत किती, कुठल्या महिन्यात कुठं, वाढतायत का संपतायत, याचं सलग रेकॉर्ड फार तोकडं.
अरबी समुद्रातल्या हंपबॅक जातीच्या व्हेलचंच घ्या. बाकी जगातले हंपबॅक थंड पाण्यात चरायला आणि गरम पाण्यात पिल्लं घालायला हजारो किलोमीटर येजा करतात, हे पठ्ठे बारा महिने इथंच. बाकीच्यांपासून जवळपास ७० हजार वर्षं वेगळे पडलेत असं जनुकांवरून दिसतं. ओमानकडं फोटोंवरून अंदाज काढला तो शंभराच्याही आत, ८२ च्या आसपास. त्यात १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी बेकायदा २४२ मारले होते. म्हणजे ओमानच्या त्या अंदाजाच्या जवळपास तिप्पट एका फटक्यात गेले.
मोजतात कसं, तर शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे पट्टे, प्रत्येकाचे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. २०१७ ला ओमानला एका मादीला सॅटेलाइट टॅग लावला, नाव लुबान, म्हणजे तिकडचा तो धुपाचा डिंक. ती अख्खा अरबी समुद्र कापून गोव्याच्या बाजूला आली आणि तिथून खाली दक्षिण टोकापर्यंत गेली. एका टॅगमुळं कळलं की ओमानचे आणि आपले व्हेल हे एकच प्रकरण आहे.
आता पैसे. ६० हजारात टॅग-बिग विसरा. पण बोटीचं भाडं, डिझेल, पाण्याखालचा माईक म्हणजे हायड्रोफोन त्याच्या बॅटऱ्या, हार्डडिस्क, आणि फील्डवरच्या पोराचा पगार, यालाच पैसे मिळत नाहीत. कॅमेरा द्यायला लोक तयार असतात, त्यावर नाव टाकता येतं. डिझेलवर कुणाचं नाव टाकणार? मी दोन सीझनमध्ये व्हेल पाहिला तो एकदाच, आधी फवारा, मग पाठ, चार-पाच सेकंद, खलास. बाकी सगळे दिवस वहीत "काही दिसले नाही" असंच लिहिलंय, वेळ आणि जागेसकट. ती कोरी पानं पण डेटाच असतो, पण ती पानं दाखवून फंडिंग मागायला गेलं की समोरचा घड्याळ बघायला लागतो.
आणि उलटीवाल्या मित्रांना सांगा, ती फक्त स्पर्म व्हेलच्या पोटात तयार होते, आणि बाळगली, विकली तर वन्यजीव कायद्यात थेट आत. सांगली-कोल्हापुरात पकडल्याच्या बातम्या येतच असतात.

टॅक्सवाला_साताऱ्याचा:
धंद्याचं बोलतो. ट्रस्टचं ८०जी, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्समध्ये वजावट मिळायचं, रजिस्ट्रेशन चालू आहे का बघा, पैसे चेकनं किंवा ऑनलाइन द्या, दोन हजाराच्या वर कॅश दिली तर वजावट नाही. नवीन रिजीममध्ये असाल तर ८०जीचा फायदाच नाही, मग समाधानावर भागवा. आणि फॉर्म १०बीई, म्हणजे देणगीचं सर्टिफिकेट, मागून घ्या. भिशीच्या नावानं पावती मागू नका, भिशी कागदावर कुठंच नसते, बाराजणांनी आपापल्या नावानं द्या.
अजून एक. कंपनीचा वर्षाचा नफा पाच कोटींच्या वर गेला की सीएसआर, म्हणजे समाजकामावर सक्तीचा खर्च, लागतो, सरासरी नफ्याच्या दोन टक्के, आणि पर्यावरण त्याच्या यादीत आहे. ग्रुपमध्ये कुणी एमआयडीसीतला असेल तर साहेबांच्या कानावर घाला. झाडं लावून फोटो काढायचा सगळ्यांनाच कंटाळा आलाय.

पाटणचा_पाहुणा:
समुद्र लांब आहे म्हणणाऱ्याला एवढंच की आमचं कोयनेचं पाणी वीज करून पोफळीकडं उतरतं, वाशिष्ठीत जातं आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रात. तुमच्या घरातला पंखा फिरवून ते पाणी व्हेलच्या दारात जातंय. खाडीत काय चाललंय, मासळी का कमी झाली, हे पण त्याच अभ्यासात येतं, नुसता व्हेल मोजून काय उपयोग.
शिवाय मच्छीमारांना धरल्याशिवाय हे होत नाही. जाळ्यात संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून सोडला तर राज्य सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं, २०१८ पासून. माझा मेहुणा गुहागरला बोटीवर असतो, तो म्हणतो आम्हाला दिसतं ते कुणी विचारतच नाही.

कृष्णाकाठचा_गडी:
आयर्विनचं उदाहरण देऊन गप्प केलंत राव. तरी शाळेचे पत्रे राहिलेच.

हळदीचा_रंग (सांगली):
काल रात्री भिशीत विषय काढला. सात विरुद्ध पाच. ४० हजार डिझेल आणि बोटभाड्याला, कुठल्याही वस्तूला नाही, २० हजार गडीच्या शाळेला पत्र्यांसाठी (गडी, शाळा कुठली ते मेसेज कर). खारा_वारा, तुमच्या ओळखीत सध्या कोण फील्डवर आहे ते कळवा, ८०जी वगैरे टॅक्सवाल्यांकडून तपासून घेतो. पाटणकर, मेहुण्याचा नंबर इथं टाकू नका, मला वेगळा पाठवा. आणि हो, पोरगं विचारतंय शेपटीचे फोटो बघायला मिळतील का.