लहान मुलांसाठी घरी केलेलं चित्रपुस्तक : तुमचे अनुभव सांगा

नागपूरच्या बजाजनगरहून एक आई

मागच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात त्या सणाला, लेक अडीच वर्षांची होती. लाकडी नंदीला झूल शिवून दिली, चाकांना तेल घातलं. चार घरी बोजारा, म्हणजे नंदी घेऊन आलेल्या मुलांना मिळणारी भेट, गोळा करून आली आणि रात्री झोपताना विचारते, "नंदी आता कुठं गेला?" दुकानात तान्ह्या पोळ्याचं पुस्तक शोधलं, माझ्या हाती लागलं नाही. मग मीच करायला घेतलं.

ए-फोरचे चार कागद मध्ये दुमडले की सोळा पानं होतात, आणि पानं चारच्या पटीतच वाढतात. हे मला कळलं ते गोष्ट चौदा पानांत संपवल्यावर. आधी कोऱ्या कागदांची डमी केली, पेन्सिलीनं काड्यांची माणसं काढली आणि तीच लेकीच्या हातात दिली. डमी दोन दिवसांत फाटली, पण सगळं काही त्या डमीनंच शिकवलं. मी लिहिलं होतं, "सकाळी लवकर उठून आईनं नंदीला रंग दिला, शिंगांना बेगड लावली..." माझं वाक्य अर्धं होईपर्यंत ती पान उलटून मोकळी. एकशे चाळीस शब्दांचे एक्केचाळीस उरले. आता त्या पानावर फक्त "नंदी नटला" आहे. बेगड चित्रात दिसतेच.

दुसरी गोष्ट मारबतीची. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, हे अवाढव्य पुतळे, मिरवणुकीनं निघतात, ते सोडून कसं चालेल? मी अख्ख्या जोडपानावर काळी मारबत काढली. लेकीनं पुस्तक मिटलं आणि पलंगाखाली सरकवलं. ते पान पुन्हा केलं : पुढे बाबाची पाठ, त्याच्या खांद्यावर ती, आणि दूर गर्दीच्या वर बोटाएवढी मारबत. आता ती स्वतःच बोट ठेवून दाखवते. चित्र तेच, पण ते किती मोठं आणि कुठून पाहिलेलं, यावर सगळं बदललं.

तुमच्यापैकी ज्यांनी लेकरांसाठी असं काही केलं असेल त्यांनी सांगा. कागद कोणता, शिवलं कसं, काय बिघडलं, मुलानं त्याचं काय केलं.

महाल भागातले एक काका

ताई, वडील बाइंडिंग करायचे, मीही वीस वर्षं तेच केलं. एक गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. बाइंडिंगच्या खळीत आम्ही मोरचूद टाकायचो, कसर आणि झुरळं लागू नयेत म्हणून. मोरचूद विष आहे. लहान लेकरू पुस्तक आधी चाटते, मग पाहते. म्हणून नातवाच्या पुस्तकाला साधी खळ : एक वाटी मैदा, पाच-सहा वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता मंद आचेवर, चमक येईपर्यंत. थंड झाली की गाळून घ्यायची. दोन दिवसांत वापरा, वास आला की फेकून द्या. बाजारातली तयार खळ आणली तर त्यात काय आहे ते आधी विचारा.

स्टेपलर वापरू नका. पिन निघते आणि तोंडात जाते. दाभणानं घडीवर तीन भोकं पाडा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्यातून आत घ्या, आतल्या आत थेट खालच्यातून बाहेर, आणि शेवटी परत मधल्यातून आत. दोन्ही टोकं आतच येतात. मधल्या लांब टाक्याच्या एकीकडे एक, दुसरीकडे दुसरं, असं ठेवून गाठ मारायची. दोऱ्याला आधी मेण चोळा, म्हणजे गाठ सरकत नाही.

आणि कागद विकत घेताना हलक्या हातानं उभा-आडवा वाकवून पाहा. एकीकडून सहज वाकतो, दुसरीकडून अडतो. घडी सहज वाकणाऱ्या दिशेनंच घाला. उलटी घातली की पुस्तक उघडं राहत नाही, घडीवर कागद तडकतो, आणि पुठ्ठा चिकटवल्यावर पापडासारखा वळतो. वडिलांनी मला पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं होतं. दिवसभर कागद वाकवत बसलो होतो.

हिंगण्याजवळच्या अंगणवाडीतून

माझ्याकडे बावीस लेकरं. छोटं पुस्तक धरलं तर पुढच्या चौघांनाच दिसते. म्हणून जुन्या मोठ्या कॅलेंडरची पानं मागून कोरी असतात ती घेतली, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवली आणि वरून सुतळीनं बांधली. विषय भाजीबाजार.

पहिल्या पानावर हिरवी जुडी काढली आणि खाली मोठ्या अक्षरात कोथिंबीर लिहिलं. मी विचारलं, "हे काय?" सगळे एका आवाजात, "सांबार!" मी म्हटलं, कोथिंबीर. एक पोरगी उठली, पानापर्यंत आली, जुडीचा वास घेतल्यासारखं केलं आणि मला समजावून सांगितलं, "नाही बाई, सांबारच हाय." तिची आई बाजारात सांबारच मागते, मीही घरी सांबारच म्हणते. वर सांबार, खाली कोथिंबीर, असं ते पान परत लिहिलं. बटाट्याच्या पानावर आलू आला. बैलगाडीच्या पानावर बंडी. काही घरं छत्तीसगडकडून कामाला आलेली आहेत, त्यांच्या आयांना चित्रं दाखवून विचारलं, तुम्ही काय म्हणता? त्या दिवशी ज्या आया कधी दारातून आत येत नव्हत्या त्या अर्धा तास बसल्या.

एक अडचण अजून सुटली नाही. पानं वरच्या सुतळीवरून मागे टाकताना तिथंच फाटतात. भोकांवर कापडी पट्टी लावून पाहिली, थोडं टिकलं. कोणाला उपाय माहीत असेल तर सांगा.

मानेवाड्यातून एक बाबा

आमची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची. इतक्या लहान बाळाला साधारण वीस ते तीस सेंटीमीटरवरचंच नीट दिसतं आणि रंगांपेक्षा काळं-पांढरं आधी कळतं, म्हणून कापडी पुस्तक करायचं ठरवलं. गांधीबागेतून पांढरं सुती कापड आणि काळ्या कापडाचा तुकडा आणला. घरी मशीन आईची, शिवायला मी.

काळा तुकडा धुवून घेतला नाही. बाळानं पहिल्याच दिवशी कोपरा चोखला आणि ओठांवर काळपट रंग. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो आठवला तरी कसंतरी होतं. पुस्तक बाजूला ठेवलं. दुसरं कापड आणलं, पाणी नितळ येईपर्यंत धुतलं, ओलं करून पांढऱ्या रुमालावर रात्रभर दाबून ठेवलं, डाग पडला नाही तेव्हाच कात्री लावली. डोळ्यांना बटणं लावणार होतो, आईनं थांबवलं. डोळे धाग्यानं भरले. सहाच पानं : मांजर, पंखा, पान, चेहरा, जाळी, चंद्र. पंख्यावर ती सगळ्यात जास्त वेळ थांबायची. नंतर वर छताकडे पाहून हसायला लागली.

धरमपेठेतून एक आजी

नातू पुण्याला असतो. त्याला संत्र्याचं झाड ठाऊक नाही, म्हणून मे महिन्यात जलरंग घेऊन बसले. बाहेर पंचेचाळीस, घरात कूलर. दोन दिवसांत पानं अशी लाटांसारखी उठली की रंग एका खड्ड्यात जाऊन साचायचा. शेवटी कूलर नसलेल्या खोलीत पहाटे पाच ते सात रंगवलं, आणि वाळलेली पानं ट्रंकेखाली ठेवली. पोस्टर कलरचं एक पान जाड लेप देऊन केलं होतं, ते घडीवर तडकलं. तेव्हापासून मधल्या घडीच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा पातळच रंगवते.

माझा भाऊ काटोलला संत्र्याची बाग करतो. त्याला फोनवर चित्रं दाखवली. मी पावसात फुलं आणि दिवाळीत त्याच फुलांची पिकली संत्री काढली होती. तो म्हणाला, "अक्का, बहार कोणता धरला तू?" आंबिया बहाराला जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात आणि संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहाराची फुलं पावसाच्या सुरुवातीला, फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चात. मी दोन्हींची खिचडी केली होती. तीन पानं नव्यानं काढली. लेकराला एकदा जे दाखवलं ते तो खरं धरून चालतो, म्हणून ते मला सोडवेना. शेवटच्या पानावर आंबिया बहाराचं झाड आहे, सगळी संत्री तोडलेली, फांद्या वर उचललेल्या. नातू त्या पानाला "हलकं झाड" म्हणतो. मी तसं काही लिहिलं नव्हतं.

बजाजनगरहून, पुन्हा

काका, माझ्या पुस्तकाला पिनाच होत्या. काल रात्री काढल्या. एक आधीच अर्धी वर आलेली होती. तुम्ही सांगितलं तसं शिवलं, पहिल्यांदा सुई चुकीच्या भोकातून गेली, उसवून परत केलं. अंगणवाडीच्या ताई, सांबार वाचून मी माझं शेवटचं पान बदलते आहे. तिथं "भेट मिळाली" लिहिलं होतं, तिथं आता बोजारा येईल. लेक शेजारी बसून उरलेल्या दोऱ्याला मेण चोळत होती, आणि चोळून झाल्यावर तो तिनं नंदीच्या गळ्यात बांधला.