पुरवठादारांशी पीओ-बिलांची देवाणघेवाण: पोर्टल, ईडीआय, एपीआय की एआय? मदत हवी आहे

नोंदवही

नमस्कार मंडळी,

सुटे भाग जोडून उपकरणं बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी परचेस सांभाळते. आमच्याकडे ईआरपी (खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे, मोठ्या पुरवठादारांकडेही आहे, पण या दोन ईआरपींच्या मधला सगळा व्यवहार पीडीएफ, ईमेल आणि एक्सेलवर चालतो. आम्ही पीओ (खरेदीची ऑर्डर) मेल करतो, समोरचा माणूस तो वाचून आपल्या सिस्टीममध्ये पुन्हा टाइप करतो. माल आला की चलान बघून आमचं स्टोअर जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) भरतं. मग बिल येतं आणि अकाउंट्स तीच माहिती आणखी एकदा भरतं.

हे सगळं येत्या वर्षात डिजिटल करायचं असं वरून ठरलंय. एका सल्लागाराने पुरवठादार पोर्टल (पुरवठादारांनी लॉगिन करून वापरायची आमची वेबसाइट) सुचवलंय, दुसऱ्याने पीडीएफ वाचून नोंदी करणारा एआय एजंट. आमच्या आयटीचा कल ईडीआय (ठरलेल्या साच्यात एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारे संदेश) किंवा एपीआय (दोन सॉफ्टवेअरची थेट जोडणी) यांच्याकडे आहे. तिन्ही सादरीकरणं नीट ऐकली. आमची खरी अडचण त्यातल्या एकातही आली नाही, म्हणून इथे विचारतेय.

एक साधा बोल्ट घ्या, एम८, लांबी ४० मिमी. आमच्या ईआरपीत तो नगावर आहे, पुरवठादार विकतो किलोवर. पीओ ५००० नगांचा जातो, चलान किलोत येतं. स्टोअरमध्ये १०० बोल्ट मोजून काट्यावर ठेवतात, त्यावरून एकूण वजनाचे नग काढतात आणि जीआरएनवर ४९७२ पडतात. बिल पुन्हा किलोत. थ्री-वे मॅचिंगमध्ये पीओ, जीआरएन आणि बिल जुळत नाहीत, बिल ब्लॉक होतं. अकाउंट्सचा फोन मला, माझा पुरवठादाराला. माल चांगला, भाव ठरलेला, वाद कुणाचाच नाही, तरी त्याचे पैसे अडकतात. मग पुढची खेप तो निवांत पाठवतो आणि आमची लाइन थांबते.

असंच ड्रॉइंगचं. आमच्याकडे भागाच्या ड्रॉइंगचं रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) 'सी' चालू असतं, त्याच्याकडे 'बी'ची प्रिंट.

एआय एजंट चलानावरचे किलो अचूक वाचेल याबद्दल मला शंका नाही. पण त्या किलोंचे नग किती धरायचे हे दोन कंपन्यांनी कधी ठरवलेलंच नाही, ते तो कुठून आणणार? माझी भीती ही, की आज जो घोळ फोनवर निस्तरतो तो उद्या आपोआप आणि वेगाने दोन्ही सिस्टीममध्ये शिरेल.

कुणी हे काम प्रत्यक्ष केलंय का? सुरुवात कुठून केलीत? आणि लहान पुरवठादारांना सोबत कसं घेतलंत? ते गेले तर आमचं चालणार नाही, आणि त्यांच्याकडे आयटीचा माणूस नाही.

पाना-पक्कड

भीती रास्त आहे. आधी आयटम मास्टर (ईआरपीतली प्रत्येक वस्तूची मूळ नोंद: कोड, एकक वगैरे), मग बाकीचं.

फोर्डचं उदाहरण तुमच्या वरिष्ठांना जरूर सांगा. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ते मांडलं होतं. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात ५०० हून जास्त माणसं होती. संगणक लावून २० टक्के कमी करू असा विचार चालला होता. मग त्यांनी माझ्दा या जपानी कार कंपनीकडे पाहिलं, तिथे हे काम ५ माणसं करत होती. कंपनी लहान आहे हे धरूनही ही तफावत फार मोठी होती. शेवटी फोर्डने बिलच प्रक्रियेतून काढलं. मालाच्या दारातला माणूस आलेला माल सामायिक नोंदीतल्या ऑर्डरशी ताडून पाहायचा. जुळला तर पैसे सुटायचे, नाही जुळला तर माल परत. आधी १४ बाबी जुळवाव्या लागत, नंतर ३ राहिल्या: पार्ट नंबर, मोजण्याचं एकक आणि पुरवठादाराचा कोड. तुमचा बोल्ट नेमका त्यातल्या दुसऱ्या बाबीवर अडलाय.

कर नियमांमुळे तुम्हाला बिल काढून टाकता येणार नाही, पण जुळवायच्या बाबी कमी करणं तुमच्या हातात आहे. ईआरपीतून ब्लॉक झालेल्या बिलांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा: एकक, भाव, रिव्हिजन, पीओ नंतर बदलला, वगैरे. प्रोसेस मायनिंगची (सिस्टीममधल्या नोंदींवरून काम कुठे अडतं ते शोधणारी) महागडी साधनं यासाठी लागत नाहीत, तुम्ही, अकाउंट्स आणि स्टोअर एकत्र बसलात तरी होतं. ही यादी हातात असल्याशिवाय कुठल्याही सल्लागाराला होकार देऊ नका.

दुवा

ईडीआय जुनं म्हणून सोडू नका. त्याची दोन मानकं: अमेरिकेतलं एक्स१२ १९७९ पासूनचं, संयुक्त राष्ट्रांचं एडिफॅक्ट १९८७ चं, आणि दोन्ही आजही जोरात चालू आहेत. त्यांचा खरा फायदा शिस्तीचा आहे. ऑर्डर, ऑर्डरची पोच, माल निघाल्याची आगाऊ सूचना आणि बिल, प्रत्येकाचा संदेश वेगळा आणि ठरलेला. एककालाही कोड लावावा लागतो: संयुक्त राष्ट्रांच्या यादीत किलोला 'केजीएम', नगाला 'एच८७'. पण कोड कळला तरी एका किलोत नग किती हे तुमच्या करारातच असावं लागतं. एपीआयने निरोप लगेच पोहोचतो, त्याचा अर्थ मात्र तुम्हालाच ठरवावा लागतो.

आकाराने मोठ्या पुरवठादारांशी ईडीआय किंवा एपीआय करा. लहानांसाठी साधं पोर्टल, ज्यात तुमचाच पीओ उघडून त्यातूनच चलान आणि बिल तयार होईल. पुन्हा टाइप करणं तिथेच संपतं.

नोंदवही

दोघांचेही मनापासून आभार. यादीचं काम अकाउंट्ससोबत सुरू करते. पण पोर्टलबद्दल एक खटकतं. आमच्या पुरवठादारांना आधीच इतर गिऱ्हाइकांची पोर्टलं आहेत, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. आमच्या पोर्टलमुळे टायपिंग आमचं वाचेल, पण त्यांचं वाढेल. त्यांनी का यावं?

दुवा

हा प्रश्न फार मोठ्यांनाही पडलाय. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये सागरी मालवाहतुकीसाठी ट्रेडलेन्स हे माहितीच्या देवाणघेवाणीचं सामायिक व्यासपीठ आणलं. तंत्रज्ञान चालत होतं, पण उद्योगाचं हवं तितकं सहकार्य मिळालं नाही हेच कारण देऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर झालं.

म्हणून पुरवठादाराला त्याच्या कामाचं काहीतरी द्या. त्याच्या बिलाची स्थिती त्याला रोज दिसू द्या: पोहोचलं, जुळलं, अमुक तारखेला पैसे. पुढच्या काही महिन्यांचा मागणीचा अंदाजही दाखवा, म्हणजे कच्चा माल तो वेळेत घेईल. पीओची एक्सेल त्याला उतरवून आपल्या सिस्टीममध्ये चढवता यायला हवी, नाहीतर दुहेरी टायपिंगची तुमची शंका खरी ठरेल.

पाना-पक्कड

यात भर. सुरुवात एकाच पुरवठादारापासून करा, ज्याची बिलं सर्वात जास्त अडकतात त्याच्यापासून. त्याचा डिस्पॅचचा माणूस, तुमचा स्टोअरवाला आणि अकाउंट्सची व्यक्ती यांना एका टेबलावर बसवा. मालक आणि साहेब नंतर आले तरी चालतील. बोल्टसाठी प्रति १०० नग वजन किती धरायचं आणि किती टक्के फरक चालेल हे तिघांनी ठरवून दोन्ही आयटम मास्टरमध्ये त्याच दिवशी भरायचं. एवढ्या फरकातलं बिल कुणाच्या मंजुरीसाठी थांबणार नाही, हे त्या पुरवठादाराला लेखी द्या. रिव्हिजन नंबर पीओच्या ओळीतच छापा, वेगळ्या मेलने पाठवू नका.