मदत हवी आहे : आई सिस्टरना हाकच मारत नाही

ओसरी_२२ :
लवकर सांगा प्लीज. आईच्या ऑपरेशनला चार दिवस झाले, ते व्यवस्थित झालंय, पण ती सिस्टरशी बोलतच नाही. बेल वाजवत नाही, दुखलं तरी सांगत नाही आणि काल कळलं की बेडपॅन मागायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीये!! म्हणते, "माका ढोरासारख्या वळवतत, अरे-तुरे करतत, मायाच नाय." मी रात्री तिथेच असते, मला दिसतं ना, दर दोन तासांनी येऊन कूस बदलतात, परवा एकीने तिच्या केसांचा गुंता बोटांनी हळूहळू सोडवून वेणी घातली. तरी हिचं तेच. कसं समजावू?

कोकणकडा :
कुठलं शहर? कसलं ऑपरेशन? सिस्टर कुठल्या भाषेत बोलतात? हे न लिहिता काय सांगणार.

ओसरी_२२ :
बंगळूर. खुब्याचं. आई सावंतवाडीहून आमच्याकडे आली होती, बाथरूममध्ये पडली. सिस्टर बहुतेक केरळच्या, मोडकं हिंदी बोलतात. आईला हिंदी थोडं समजतं, बोलता येत नाही.

जागरूक_नागरिक :
सरळ लेखी तक्रार करा. मानवी हक्क आयोगाची २०१८ची रुग्णहक्कांची सनद आहे, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती द्यायलाच हवी.

वॉर्ड_नऊ :
मी स्वतः सिस्टर आहे, मुंबईत. तक्रार कशाची करणार? बेडसोर होऊ नये म्हणून कूस बदलतात त्या. नव्या मल्याळी मुलींचं हिंदी सुरुवातीला 'उठो, पलटो, हिलो मत' एवढंच असतं, 'उठिए' कोणी शिकवलेलंच नसतं, आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांना तो हुकूम वाटतो. इन्चार्ज सिस्टरना सांगा की वळवायच्या आधी खांद्यावर हात ठेवून 'अम्मा' म्हणा, मग वळवा. आणि मल्याळममध्ये दुखण्याला वेदनाच म्हणतात, आईंना तेवढा एक शब्द पुरे. पाण्याचं मात्र आजच डॉक्टरांच्या कानावर घाला, लघवीचं इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही.

जागरूक_नागरिक :
सिस्टर लोक सिस्टरचीच बाजू घेणार. माझ्या वडिलांना विचारा, दोन आठवडे कोणी धड बोललं नव्हतं.

वॉर्ड_नऊ :
तुमच्या वडिलांचं वाईट झालं, मान्य. पण इथे वेणी घालणाऱ्या मुलीवर तक्रार करायला सांगताय तुम्ही.

घाटमाथा :
निपाणी-बेळगावकडची सिस्टर मागून बघा, मराठी येत असतं त्यांना. प्रश्नच मिटला.

सुमीकाकू :
मेडिक्लेम कॅशलेस आहे का गं? नसेल तर औषधांची सगळी बिलं जपून ठेव, आमची दोन हरवली होती.

कोकणकडा :
काकू, ते नंतर. ओसरी, आईंना ऐकू नीट येतं का?

ओसरी_२२ :
कमी येतं, यंत्र आहे. ऑपरेशनच्या आधी काढायला लावलं तेव्हापासून माझ्या पर्समध्येच आहे.

वॉर्ड_नऊ :
अहो हे आधी सांगायचं ना!! समोरची मास्क लावून बोलते, ओठ दिसत नाहीत, भाषा परकी, आणि कानात यंत्र नाही. त्यांना नुसते हातच कळतायत, तेही अचानक अंगाला लागणारे. आधी यंत्र लावा.

ओसरी_२२ :
लावलं, पण सेल संपलाय. दुपारी बेळगावची सिस्टर आली, छान मराठी बोलत होती, पण आईचं आपलं "ती गडबडीत असता." मग रात्री ती वेणीवाली आली. मी तिला सगळं सांगितलं. ती खाली वाकली, आईच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी मोठ्याने म्हणाली, "अम्मा, वेदना?" आईने खुब्याकडे बोट केलं, मग तिच्याच हातून अर्धा ग्लास पाणी प्यायली. मला रडायला आलं.

आता कोणी बंगळूरचं आहे का, १३ नंबरचा सेल, नारिंगी पाकिटातला, आत्ता एवढ्या रात्री कुठे मिळेल?