कॅटालिना बेटावर पहिल्यांदाच विमान घेऊन जातोय, मदत हवी आहे

मंडळी, लॉस एंजेलिसच्या बाजूला कोणी मराठी पायलट आहे का इथे? आमचा फ्लाइंगवाल्या मित्रांचा ग्रुप पुढच्या शनिवारी तीन विमानं घेऊन समोरच्या कॅटालिना बेटावर जाणारे, सकाळी जायचं, वरती डोंगरावरच्या विमानतळावर बायसन बर्गर खायचा आणि ऊन असतानाच परत. माझ्याकडे सेसना १७२ आहे आणि सोबत साताऱ्याहून आलेले बाबा, वय ६८, पहिल्यांदाच छोट्या विमानात बसणार, आत्तापासूनच रोज वारा किती आहे ते विचारतायत.

धावपट्टी डोंगर कापून बनवलेली, समुद्रसपाटीपासून १६०२ फुटांवर, लांबी साधारण ३००० फूट, आणि २२ नंबरच्या टोकाकडून (म्हणजे नैऋत्येकडे तोंड करून) उतरताना सुरुवातीला चढ आहे म्हणून पलीकडचं टोक दिसतच नाही म्हणे. पट्टी संपली असं वाटून लोक घाबरून जोरात ब्रेक मारतात असं ऐकलंय. ज्यांनी तिथे उतरवलंय त्यांनी प्लीज सांगा, फायनलला, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, कड्याजवळ विमान खाली ओढलं जातं तेव्हा इंजिनची पॉवर किती ठेवता?

दुसरं, मधे वीसेक मैल नुसतं पाणी. मी किनाऱ्यावरच ८५०० फुटांपर्यंत चढून मग निघायचं ठरवलंय, म्हणजे इंजिन बंद पडलंच तर कुठला तरी किनारा गाठता येईल. लाइफ जॅकेट मात्र बाबांना आधीपासूनच अंगात घालून बसवू का? ते आणखी घाबरतील का याचीच काळजी वाटते. आणि उतरताना त्यांचे कान दुखू नयेत म्हणून काय करता?