‘इट हॅपन्ड वन नाइट’ : प्रेमकथा की मुलीला वठणीवर आणण्याची गोष्ट?

प्रश्न — तापीकाठ, जळगाव

जळगावात आमचा जुने चित्रपट पाहणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे. त्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली आहेत, निवृत्त शिक्षक आहेत आणि केळीच्या गाड्या भरून झाल्या की तसेच येऊन बसणारे एक व्यापारीही आहेत. पुढच्या बैठकीसाठी मी फ्रँक काप्रा यांचा १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ सुचवला आहे. वडिलांशी भांडून बोटीवरून समुद्रात उडी घेतलेली लक्षाधीशाची मुलगी एली मायामीहून न्यूयॉर्कला जाण्यासाठी रात्रीच्या बसमध्ये बसते आणि नोकरी गमावलेला बातमीदार पीटर तिला तिच्या नवऱ्यापर्यंत पोहोचवण्याच्या बदल्यात तिची हकिकत छापण्याचा हक्क मागतो, एवढीच कथा आहे. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोल्बेर यांची जुगलबंदी मला अतिशय आवडली.

मात्र दोन जागा मला खटकल्या. एलीला खांद्यावर टाकून ओढा ओलांडताना पीटर तिला चापट मारतो, आणि शेवटाकडे तिच्या वडिलांनाच तो ऐकवतो की हिला रोज एक ठोसा लगावणारा नवरा हवा होता, मग तिची चूक असो वा नसो. हे वाक्य विनोदासाठी घातले आहे, हे उघड दिसते, पण आमच्या गटातल्या मुली ते हसून सोडून देतील असे वाटत नाही. ज्यांनी हा चित्रपट लक्षपूर्वक पाहिला आहे त्यांना विचारावेसे वाटते की, ही दोन बरोबरीच्या माणसांची प्रेमकथा आहे, की माजलेल्या श्रीमंत मुलीला वठणीवर आणण्याची गोष्ट आहे?

उत्तर — निवृत्त वाहक, धुळे

तापीकाठ भाऊ, आपल्या प्रश्नाचे उत्तर जाणकार देतीलच. मी हा चित्रपट पाहिला तो बससाठी, आणि माझ्या मते त्याचा निम्मा जीव बसमध्येच आहे. मागच्या बाकावर ठेवलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे खिडकीतून बाहेर फेकून पीटर जागा मोकळी करतो, त्यावरून चालकाशी त्याची हमरीतुमरी होते आणि तो भांडण संपवून वळतो तोवर एली त्याच जागेवर जाऊन बसलेली असते. आपल्याकडे खिडकीतून रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून होणारी भांडणे मी उभ्या नोकरीत सोडवली, त्यामुळे या प्रसंगात नेमके कोणाचे बरोबर, याचा निवाडा मला अजूनही करता आलेला नाही.

दुसरी जागा जॅक्सनव्हिलची आहे. न्याहारीसाठी बस अर्धा तास थांबणार असते आणि एली चालकाला बजावते की आपल्याला उशीर होईल, तेव्हा बस थांबवून ठेवावी. अर्थात ती परत येते तेव्हा बस निघून गेलेली असते. प्रवासी मोजून दोनदा घंटी दिली की गाडी कोणासाठी थांबत नाही, हे त्या मुलीला तोवर कोणी सांगितलेलेच नसते. येथे तिला वठणीवर पीटर आणत नाही, वेळापत्रक आणते. ते महामंदीचे दिवस होते, हेही ध्यानात ठेवावे. भुकेने एक बाई बसमध्ये भोवळ येऊन पडते, तिकिटापायी घरातले होते नव्हते ते पैसे संपल्याचे तिचा मुलगा सांगतो, आणि पीटर क्षणभर घुटमळतो तेव्हा त्याच्या हातातली नोट एलीच मुलाला देऊन टाकते. ही मुलगी माजोरी नाही, तिला फक्त पैशाची किंमत ठाऊक नाही.

उत्तर — बोरीकाठची, अमळनेर

ते वाक्य वाईट आहे आणि त्याला झाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘त्या काळी असेच चालायचे’ असे म्हणून हात झटकणे मला मान्य नाही, कारण याच चित्रपटात दुसरीकडे त्याच काळातली बरीच शहाणी दृष्टीही दिसते. एली बोटीवर वडिलांचीही थप्पड खाते आणि तिथूनच पळते. ज्या कथेत मारामुळे मुलगी घर सोडते, त्याच कथेत नायकाने माराचीच भाषा करावी, हा पटकथाकार रॉबर्ट रिस्किन यांच्या लेखनातला सांधा मला ढिला वाटतो.

पण केवळ त्या वाक्यावरून चित्रपटाचा निकाल लावण्याआधी आपल्या गटाला पर्यटक-निवासातली ती सकाळ नीट पाहायला लावावी. वडिलांनी लावलेले गुप्तहेर खोल्या तपासत येतात. पीटर एलीचे केस विस्कटतो आणि तिच्यावर नवऱ्यासारखा खेकसू लागतो. एली क्षणभरही न गोंधळता नळदुरुस्ती करणाऱ्याच्या मुलीचा आवाज लावते, उलट ओरडते, भोकाड पसरते, आणि दोघांचा संसार एवढा खरा वाटू लागतो की गुप्तहेरच ओशाळून निघून जातात. दार लागल्यावर दोघे पोट धरून हसतात. हा प्रसंग ना पीटरने लिहून दिलेला आहे, ना एलीला आधी सांगितलेला आहे. तोपर्यंत तो शिकवणारा आणि ती शिकणारी, असेच चाललेले असते. दुधाकॉफीत डोनट किती वेळ बुडवावा, यावरही तो व्याख्यान देतो. या खोट्या भांडणात मात्र ती त्याच्या तोडीस तोड उतरते आणि पीटरलाही ते त्याच क्षणी कळते, हे गेबलच्या चेहऱ्यावर दिसते. माझ्या दृष्टीने दोघांचे प्रेम येथे जमते. चांदण्यातल्या गवताच्या गंजीजवळ त्याची फक्त कबुली मिळते.

यानंतर रस्त्यावरचा तो प्रसिद्ध प्रसंग येतो, ज्यात अंगठा दाखवून गाडी थांबवण्याच्या तीन तऱ्हा पीटर मोठ्या ऐटीत समजावतो आणि एकही गाडी थांबत नाही. एली घागरा गुडघ्यापर्यंत वर घेते आणि पहिलीच गाडी करकचून ब्रेक लावते. सगळे या प्रसंगात तिचा पाय पाहतात, मी पीटरचा पडलेला चेहरा पाहते. जो गृहस्थ प्रत्येक गोष्टीवर पुस्तक लिहायला निघाला आहे, त्याची फजिती करण्यासाठीच चित्रपटाने ते पुस्तक काढले आहे.

शिवाय त्याच नवऱ्याशी शेवटी पुन्हा थाटात लागणाऱ्या लग्नाच्या मंडपातून एलीला पळायला लावतो तो पीटर नाही. आधी ज्याने मारले तोच बाप तिच्याशेजारून चालत तिच्या कानाशी लागून सांगतो की पीटरचे तिच्यावर प्रेम आहे आणि मागच्या दाराशी गाडी उभी आहे. वधूवेश सावरत ती धावत सुटते ते तिच्या स्वतःच्या निर्णयाने. तेव्हा आपल्या मुलींना ते वाक्य खटकेल, खटकू द्यावे, आणि चर्चेची सुरुवातच त्यापासून करावी.

उत्तर — जंक्शनवाला, भुसावळ

ताईंच्या सकाळच्या प्रसंगाबद्दलच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत आहे. एक व्यावहारिक सूचना करतो. संवाद अतिशय झपाट्याने येतात, त्यामुळे पात्रांचे बोलणे कानाने पकडण्याचा आग्रह धरू नये, इंग्रजी उपशीर्षके लावावीत आणि पहिली दहा मिनिटे थांबवून थांबवून दाखवावीत. चित्रपट पावणेदोन तासांचा आहे, चर्चेला वेळ उरतो. पाच मुख्य ऑस्कर (चित्रपट, दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता, अभिनेत्री) एकाच चित्रपटाला मिळण्याचा हा पहिला प्रसंग होता, हे आपण सांगालच. पण त्यामुळे लोक भलतेच गंभीर होऊन बसतात, म्हणून ते शेवटी सांगावे.

तापीकाठ, जळगाव

सर्वांचे आभार. अमळनेरच्या ताईंचा मुद्दा पटतो, तरी माझी एक शंका उरते. बापाने दिलेली परवानगी हाच जर एलीच्या धावण्याचा आधार असेल, तर निर्णय तिचा स्वतःचा कसा म्हणावा? पीटरही बापाकडे जातो तो मुलगी मागायला नव्हे, तर खर्चाचे ३९ डॉलर ६० सेंट मागायला. मुलीला शोधून देणाऱ्यासाठी बापाने लावलेल्या दहा हजार डॉलरच्या बक्षिसाला तो हात लावत नाही, हे मला अतिशय आवडते. पण या सगळ्यात दोन पुरुष आपसात व्यवहार मिटवतात आणि मुलीला तो कळवला जातो, असे वाटत राहते.

उत्तर — बोरीकाठची, अमळनेर

भाऊ, आपली शंका रास्त आहे आणि ती दूर करण्याएवढा पुरावा चित्रपटात नाही. माझे म्हणणे एवढेच की बापाने दार उघडे ठेवले, उंबरा ओलांडला तो तिने. बोटीवरून उडी मारतानाही तिने कोणाला विचारले नव्हते.

उत्तर — सातपुड्याचा प्रेक्षक, शहादा

आपल्या गटातले ज्येष्ठ सभासद ‘चोरी चोरी’ची आठवण काढल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणून त्याबद्दल लिहितो. अनंत ठाकूर दिग्दर्शित, राज कपूर आणि नर्गिस यांचा हा १९५६ चा चित्रपट याच कथेवर बेतलेला आहे, आणि १९९१ मध्ये महेश भट्ट यांनी आमिर खान व पूजा भट्ट यांना घेऊन ‘दिल है के मानता नहीं’ केला. या दोन्हींत गाणी आली आणि भांडणे कमी झाली. ‘चोरी चोरी’तले ‘आजा सनम मधुर चांदनी में हम’ अवीट आहे यात वाद नाही, मात्र जे काम काप्रा यांच्याकडे दोघांच्या तोंडातोंडीने होते, ते तेथे शंकर-जयकिशन यांच्या चालींना करावे लागते.

म्हणून दोन बैठका घ्याव्यात आणि हिंदी चित्रपट आधी दाखवू नये. तो आधी दाखवला, तर मूळ चित्रपट पाहताना ज्येष्ठ मंडळी प्रत्येक प्रसंगाला गाणे शोधत बसतील आणि ताईंनी सांगितलेली ती सकाळ त्यांच्या हातून निसटेल. केळीच्या व्यापाऱ्यांना मात्र पहिल्या बैठकीला वेळेवर यायला सांगावे, कारण बोटीवरचे भांडण पहिल्या काही मिनिटांतच उरकते.