मदत हवी आहे: ‘बर्सर्क’च्या मेमोरियल एडिशनची ब्लू-रे न कापलेली आहे का?

मंडळी, ‘बर्सर्क’ या जपानी मांगावरचे (चित्रकथेवरचे) गोल्डन एज आर्क या कथाभागाचे तीन अ‍ॅनिमेशन चित्रपट (2012-13) पाहिलेत. तेच 2022 मध्ये टीव्हीसाठी 13 भागांत ‘मेमोरियल एडिशन’ म्हणून आले. त्यात गट्स आणि कास्का या मुख्य पात्रांचा शेकोट्यांसमोरचा संवाद नव्याने घातलाय, मला तो हवाच आहे. पण ग्रहणाचा प्रसंग (कथेतला अतिशय हिंसक, कळसाचा भाग) टीव्हीवर बराच सौम्य केलाय. चित्रपट आणि भाग शेजारी लावून पाहिले, फरक लगेच कळतो.

जपानी टीव्हीवर हिंसक किंवा नग्न दृश्यांवर काळा धूर किंवा पांढरा झोत टाकायचा आणि डिस्कवर तो काढायचा, ही तिथली जुनी रीत. (डिस्क खपवायचा धंदा, दुसरं काय!) इथेही तसंच झालंय की डिस्कवरही टीव्हीचीच प्रत आहे? विक्रीच्या पानांवर फक्त भागांची संख्या आणि एकूण वेळ दिसते.

मांगा वाचलाय, त्यामुळे कथा फुटायची भीती नाही. पायरेटेड लिंक नकोत. माझा प्लेअर भारतातला, रीजन सी (डिस्क आणि प्लेअरचा रीजन जुळला तरच डिस्क चालते). जपानी डिस्क रीजन ए, म्हणजे प्लेअरचाही खर्च आलाच. म्हणून आधी विचारतोय: ही ब्लू-रे कुणी स्वतः पाहिली आहे का, आणि ग्रहणाचे भाग त्यात चित्रपटासारखे आहेत की टीव्हीसारखे?