जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही
एचआयव्ही झालेल्या दोघांच्या विषाणूंचा जनुकीय क्रम (म्हणजे जनुकांतल्या अक्षरांची ओळ) जुळला की कुणी कुणाला लागण केली ते कळतंच, असं म्हणतात. मला अर्धंच पटलं. जुळलं याचा अर्थ दोघं लागणीच्या एकाच साखळीत आहेत, एवढाच. मधे चाचणीच न झालेला कुणी असू शकतो, किंवा दोघांनाही विषाणू तिसऱ्याकडूनच आलेला असू शकतो. मुळात हे क्रम बरेचदा औषध लागू पडेल की नाही हे बघायच्या चाचणीतून आयते मिळालेले असतात. जे दवाखान्यात गेलेच नाहीत ते या क्रमांवरून काढलेल्या विषाणूंच्या वंशवृक्षावर दिसणार कुठून?

आळ खोटा ठरवायला मात्र ही पद्धत भारी आहे. लिबियात बेंगाझीच्या रुग्णालयात ४०० हून जास्त मुलांना एचआयव्हीची लागण झाली आणि पाच बल्गेरियन परिचारिका व एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर ती मुद्दाम केल्याचा ठपका आला. २००६ साली संशोधकांनी मुलांच्या विषाणूंत साचलेल्या बदलांवरून काळ मागे मोजत नेला. हे आरोपी तिथे पोचले मार्च १९९८ मध्ये, विषाणू त्याआधीपासूनच तिथे फिरत होता. (तरी २००६ च्याच डिसेंबरात कोर्टाने पुन्हा देहदंडच ठोठावला! सुटका व्हायला जुलै २००७ उजाडला.)